साथ, गोठा आणि चुकलेला माज

(उदगीर येथे दूध उत्पादक शेतकरी आणि पशुवैद्यकशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

समोर बसलेल्यांतले बरेच जण लांबून आले आहेत आणि त्यांना वेळेत घर गाठायचं आहे, म्हणून प्रस्तावना लांबवत नाही. मागं पशुवैद्यक महाविद्यालयाची मुलं-मुली दिसतायत, त्यांनी मात्र वही काढावी. मी जे बोलणार आहे त्यातलं बरंचसं तुमच्या अभ्यासक्रमात आहे, पण ते साथीच्या रोगाशी जोडून सहसा कुणी शिकवत नाही.

कोरोनात दूधधंद्याचं काय झालं असं विचारलं की आपण सगळे दराबद्दल बोलायला लागतो. गाईच्या दुधाला तीस रुपयांच्या वर मिळत होते ते अठरा-वीसवर आले, काही ठिकाणी त्याहून खाली गेले. हे सगळं खरं आहे. पण पडलेला दर पुढं सावरला. जे नुकसान गाईच्या आणि म्हशीच्या अंगात जाऊन बसलं ते सावरायला वर्षं लागली, आणि त्याचा पंचनामा कुठल्याही तलाठ्यानं केला नाही. माझी नोकरी लातूर-धाराशिव पट्ट्यातल्या ढोरांच्या दवाखान्यांत गेली. त्यामुळे दराचं अर्थशास्त्र मला जेवढं दिसलं त्याहून जास्त मला गोठा दिसला. आज त्या गोठ्यातल्या नुकसानाबद्दल बोलायचं आहे.

आधी मार्च २०२० मध्ये मराठवाडा कुठल्या अवस्थेत होता ते आठवा. २०१८-१९ चा दुष्काळ नुकताच संपला होता. २०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात चारा छावण्या होत्या. लोक बायका-पोरांसह जनावरांपाशी छावणीत राहिले. त्याच्या तीन वर्षं आधी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात जनावर विकलं जातं आणि पाऊस झाला की कर्ज काढून पुन्हा घेतलं जातं. २०१९ च्या परतीच्या पावसानंतर लोकांनी तेच केलं. कुणी बचत गटातून उचललं, कुणी बायकोच्या गळ्यातलं गहाण ठेवलं, आणि संकरित गाय दारात आणून बांधली. त्या गाई मार्चमध्ये भर दुधात होत्या. कर्जाचे पहिले हप्ते सुरू झाले होते.

२२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देश बंद. २५ मार्च २०२० म्हणजे गुढीपाडवा. श्रीखंडाचा सण. आदल्या आठवड्यापासून डेअऱ्यांनी चक्क्यासाठी दूध ओढायला सुरुवात केली होती, आणि सणादिवशीच शहरातली मिठाईची दुकानं बंद झाली. दूध अत्यावश्यक सेवेत होतं. कागदावर दुधाची गाडी कुणी अडवायची नव्हती. पण चहाची टपरी बंद, हॉटेल बंद, आइस्क्रीम बंद, पेढा-बर्फी बंद, मार्च ते मे ही लग्नसराई बंद. एप्रिलअखेर रमजान लागला. एरवी आपल्या उदगीर, नांदेड, परभणीत त्या महिन्यात दुधाला किती मागणी असते तुम्हाला माहीत आहे. २०२० ची ईद लोकांनी घरातल्या घरात केली. घरोघरी पिशवीचं दूध जात राहिलं, पण पिशवीच्या बाहेरचा सगळा खप एका रात्रीत थांबला.

आता हा फटका सगळ्या महाराष्ट्राला बसला, मग मराठवाड्याचं वेगळं काय? वेगळं असं की आपल्याकडचं संकलित दूध बहुतेक बाहेर जातं. आष्टी-कड्याचं दूध नगरकडं, भूम-परंड्याचं सोलापूर-पुण्याकडं. गावात संकलन केंद्र, तालुक्याला बल्क कूलर म्हणजे दूध थंड करायची मोठी टाकी, तिथून टँकर. दूध शिल्लक पडायला लागलं की डेअरीवाला आधी कुठलं दूध तोडतो? लांबचं. वाहतुकीचा लिटरमागचा खर्च जिथं जास्त, तिथली गाडी आधी बंद होते. त्यात त्यांचं काही वैर नव्हतं, हिशोबच तसा होता. पण त्या हिशोबात मराठवाडा कायम शेवटच्या टोकाला असतो. मग सुरू झाली ‘दूध सुट्टी’. आज संध्याकाळचं दूध घेणार नाही. रविवारी दोन्ही वेळचं घेणार नाही. एरवी जे दूध ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) चालायचं, ते त्या दिवसांत पॉइंटला कपात लागून परत यायला लागलं.

दूध परत आलं म्हणजे काय होतं हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं, तुम्हाला नाही. तरी विद्यार्थ्यांसाठी सांगतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो. कॅनमधलं न थंड केलेलं दूध त्या उन्हात चार-पाच तासांत नासतं. आणि धार न काढून चालत नाही. कास भरलेली ठेवली तर दूध तयार होण्याची क्रिया मंदावते, सडात दाब बसतो आणि दगडी, म्हणजे कासेची सूज, होते. एकदा दगडीनं सड गेला की त्या वेताला, म्हणजे पुढच्या वेळी व्याईपर्यंत, तो सड बहुधा परत मिळत नाही. म्हणजे गिऱ्हाईक असो नसो, दोन वेळा बसून धार काढायचीच, आणि काढलेल्या दुधाचं काय करायचं ते नंतर बघायचं.

शिल्लक दुधाला जगात सगळीकडं एकच वाट असते: वाळवून भुकटी करायची आणि लोणी काढून ठेवायचं. शंभर लिटर दुधातून साडेआठ किलोच्या आसपास भुकटी निघते आणि ती महिनोन्‌महिने टिकते. राज्य सरकारनं त्या वेळी हाच मार्ग धरला. सहकारी संघांकडचं रोज १० लाख लिटरपर्यंत दूध २५ रुपयांनी घ्यायचं आणि त्याची भुकटी करायची, अशी योजना एप्रिलपासून काही महिने चालली. हेतू चांगला होता आणि ज्यांना मिळाला त्यांना आधार झाला. पण राज्यात रोज गोळा होणारं दूध कोटी लिटरच्या वर, त्यातलं बहुतांश खासगी डेअऱ्यांकडं जाणारं. योजना सहकारी दुधासाठी. मराठवाड्यात गावोगाव सहकारी दूधसंस्थांच्या पाट्या आहेत, पण त्यांतल्या किती संस्थांत सकाळी कॅन येतात? ज्या शेतकऱ्याचं दूध खासगी केंद्रावर जात होतं त्याला २५ चा दर वर्तमानपत्रात वाचायला मिळाला.

जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं दीड कोटी दूध उत्पादकांना किसान क्रेडिट कार्ड देण्याची मोहीम काढली. तीही दूध संघ आणि दूध उत्पादक कंपन्यांच्या सभासदांसाठी. त्याच महिन्यात पशुसंवर्धनाच्या पायाभूत सोयींसाठी १५,००० कोटींचा निधी मंजूर झाला. २५ च्या दराची आणि कार्डाची मदत ज्या नळातून यायची होती तो नळ म्हणजे संघ, आणि आपल्या बहुतेक गावांत तो नळच जोडलेला नव्हता.

मी हे उदगीरमध्ये उभं राहून बोलतोय म्हणून एक गोष्ट न बोलता पुढं जाता येत नाही. या गावात शासकीय दूध भुकटीचा प्रकल्प होता. इथल्या जुन्या माणसांना ते दिवस आठवतात. आसपासच्या तालुक्यांतलं दूध इथं यायचं आणि जास्तीच्या दुधाची भुकटी इथंच व्हायची. तो प्रकल्प कोरोनाच्या कितीतरी आधी बंद पडला. २०२० च्या एप्रिलमध्ये देवणी, जळकोट, मुखेड भागात दूध घेणारं कुणी नव्हतं, तेव्हा ते वाळवायची सोय जिथं एके काळी होती त्या फाटकाला कुलूप होतं. तो का बंद पडला याचा वाद मला आज करायचा नाही. पण साथीच्या काळात कुठला पट्टा तगतो आणि कुठला आडवा होतो, याचं उत्तर साथ येण्याआधी वीस-वीस वर्षं ठरत असतं, हे या फाटकापाशी उभं राहिलं की कळतं.

त्या वर्षीच्या जूनमधली आणखी एक गोष्ट. देशात भुकटी पडून होती. वर्षाच्या सुरुवातीला किलोला तीनशेच्या आसपास असलेला तिचा भाव पावणेदोनशेच्या खाली आला होता. अशात २३ जूनला केंद्रानं १०,००० टन दूध भुकटी सवलतीच्या १५ टक्के शुल्कानं आयात करायची परवानगी दिली. जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर दूध आंदोलन पेटलं त्याला हेही एक कारण होतं. लिटरला १० रुपये अनुदान द्या, भुकटीच्या निर्यातीला किलोमागं ५० रुपये द्या, अशा मागण्या होत्या. रस्त्यावर दूध ओतलेलं बघून अनेकांना वाईट वाटलं. मलाही वाटलं. पण ज्या बाईनं ते दूध काढलं होतं तिला विचारायला हवं होतं की बाई, हे ओतायच्या आधी तू काय काय करून बघितलंस.

कारण बायांनी सगळं करून बघितलं होतं. आधी तूप केलं. साडेतीन फॅटच्या गाईच्या दुधातून एक किलो तूप काढायला साधारण २८ लिटर दूध लागतं. दर अठरा धरला तर पाचशे रुपयांचं दूध. त्यात विरजण, घुसळण, कढवायला सरपण, आणि उरलेलं ताक वाटून टाकायचं. गावात तूप घेणार कोण? सगळ्यांच्याच घरी तूप. मग भावकीत, लेकीच्या सासरी, पुण्याहून परत आलेल्या पोरांच्या ताटात. त्या उन्हाळ्यात वासरं पोटभर दूध प्याली, हे माझ्या नोकरीत मी पहिल्यांदा बघितलं. एरवी सडाला दोन-चार चुळा लावून ओढून काढलेली वासरं कासेखाली निवांत उभी असायची. अती प्यायल्यानं काही हगवणीनं आजारीही पडली, पण जी तगली त्यांची चकाकी वेगळी होती.

भूम तालुक्याची गोष्ट सांगतो, कारण तिथं दुधाचं टिकाऊ रूप करण्याची विद्या पिढीजात आहे. भूम, वाशी, कळंब या भागात गावोगाव खव्याच्या भट्ट्या आहेत. कुंथलगिरीचा खवा-पेढा तुम्ही सगळ्यांनी खाल्लाय. तिथला खवा पुणे, सोलापूर, हैदराबादपर्यंत जातो. भट्टीवर उभं राहून बघितलंय का कुणी? मोठ्या कढईत दूध उकळायला लागलं की माणूस लांब दांड्याच्या उलथन्यानं तळ खरवडत राहतो. हात थांबला की खाली लागतं आणि सगळ्या घाण्याला करपट वास लागतो. गाईच्या पाच लिटर दुधाचा किलोभर खवा होतो, म्हशीचं चार-सव्वाचार लिटर पुरतं. डेअरीनं नाकारलेलं दूध एरवी या भट्ट्या घ्यायच्या. एका अर्थी भट्टी हीच तिथली भुकटीची फॅक्टरी. पण २०२० मध्ये पेढेवाला बंद, बस बंद, हैदराबादची गाडी बंद. खवा चार दिवसांच्या वर शीतगृहाशिवाय ठेवता येत नाही. जिथं शीतगृह गाठता आलं तिथल्या भट्ट्या धुगधुगत राहिल्या, बाकीच्या विझल्या. आणि भट्टी विझल्यावर भट्टीला दूध घालणाऱ्या भूमिहीन माणसाच्या दोन म्हशी कुठल्याच योजनेच्या यादीत बसेनात.

आता गोठ्यात या.

दहा लिटर दूध देणारी गाय. दर अठरा. दिवसाला १८० रुपये. तिला शरीरपोषणाला दीड-दोन किलो आणि दुधाला चार किलो, म्हणजे सहा किलो पेंड लागते. किलोला वीस रुपये धरले तरी १२० रुपये झाले. उरले साठ. त्यात हिरवा चारा, कडबा, पाणी, औषध, कर्जाचा हप्ता, आणि जी बाई पहाटे चारला उठते तिची मजुरी. त्यातच वाहतूक अडल्यानं सरकी पेंडीचं पोतं मिळेना, मिळालं तर महाग. कडब्याचीही आपल्याकडं आता पूर्वीसारखी रेलचेल नाही. सोयाबीन वाढलं तशी ज्वारी मागं पडली, आणि सोयाबीनच्या गुळीवर, म्हणजे भुसकटावर, गाय जगते पण दुधाला टिकत नाही. मग शेतकऱ्यानं जे केलं ते कुणीही केलं असतं. पेंड निम्म्यावर आणली.

इथं विद्यार्थ्यांनी नीट ऐका. व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत गाय जितकं खाते त्यापेक्षा जास्त दुधातून बाहेर टाकते. ती तूट अंगावरच्या चरबीतून भरून काढते. त्या काळात पेंड तोडली तर दूध लगेच निम्मं होत नाही. आधी गाय अंग तोडून दूध देते, फासळ्या दिसायला लागतात, माकडहाड वर येतं. आणि मग शरीर एक काम बंद करतं. माज, म्हणजे गाय भरवण्याजोगी होण्याचा काळ, थांबतो. बीजकोषाचं काम मंदावतं, गाय माजावर येत नाही, किंवा मुका माज येतो जो कुणाच्या लक्षात येत नाही. शेतकऱ्याला वाटतं गाय बरी आहे, दूध तर देतेय. दूध देतेय हे खरं असतं, पण पुढचं वेत हातातून निघून चाललेलं असतं.

दुसऱ्या बाजूनं, ज्या गाई माजावर आल्या त्यांना भरवायला माणूस पोचेना. संकरित गाईचा माज दर २१ दिवसांनी येतो आणि बारा ते अठरा तास टिकतो. तेवढ्या वेळात रेतन झालं तर झालं, नाहीतर पुढच्या एकवीस दिवसांची वाट. आम्हा सरकारी डॉक्टरांना ओळखपत्र होतं, आम्ही फिरलो. पण गावातलं बहुतेक कृत्रिम रेतन मोटारसायकलवर कंटेनर बांधून फिरणारी खासगी पोरं करतात. त्यांना सुरुवातीच्या दिवसांत नाक्यानाक्यावर अडवलं जायचं. गावांनी वेशीवर काट्याकुपाट्या, बैलगाड्या आडव्या लावल्या होत्या. शेजारच्या गावचा माणूस आत घेत नव्हते. वीर्यकांड्या उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवाव्या लागतात, त्याचा पुरवठा वेळेवर होईना. कंटेनर कोरडा पडला की आतल्या सगळ्या कांड्या मेल्या. एक फोन अजून कानात आहे. जळकोटकडच्या एक आजी होत्या. म्हणाल्या, “डाक्टरसाहेब, रात्रीपासून हंबरती हाय, सोट टाकलाय. दोन पाळ्या गेल्या, ही तिसरी. कुनाला तरी लावून द्या की.” मी लावून दिलं. पण मला फोन न करणारे किती असतील?

आता ही तारखांची बेरीज करा. जानेवारी २०२० च्या मध्याला व्यायलेली गाय. एप्रिलच्या सुरुवातीला तिला भरवायला हवं होतं. तेव्हा भरली असती तर २८० दिवसांनी, जानेवारी २०२१ मध्ये ती व्यायली असती. चार माज चुकले आणि जुलैमध्ये गाभण राहिली असं समजा. ती व्यायली एप्रिल २०२१ मध्ये. मधले तीन महिने ती भाकड उभी राहिली, फुकट खात. एका गाईमागं तीन महिन्यांचं दूध बुडालं आणि वर तीन महिन्यांचा चारा गेला. दर अठरावर आल्यानं जे नुकसान झालं, त्याच्या शेजारी हा आकडा मांडून बघा. हा हलका नाही. तरी याला अनुदान मागणारं एकही निवेदन माझ्या पाहण्यात नाही.

आणि एप्रिल २०२१ म्हणजे काय, ते सांगायला नको. दुसरी लाट.

पहिल्या लाटेत गावात आजार कमी होता, बाजार बुडाला होता. दुसऱ्या लाटेत बाजार थोडाफार चालू होता आणि माणसंच अंथरुणाला खिळली. ज्या गाई चुकलेल्या माजामुळं पुढं ढकलल्या गेल्या होत्या त्यांतल्या बऱ्याच नेमक्या तेव्हा व्यायला आल्या. गाय व्यायल्याचे पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत जोखमीचे. जार अडकतो, कॅल्शियम उतरून गाय बसते, आणि वेळेत सलाईन मिळालं नाही तर उठत नाही. घरातला कर्ता माणूस लातूरला ऑक्सिजनवर, त्याची बायको शाळेतल्या विलगीकरणात, घरात आजा आणि दोन लेकरं, आणि गोठ्यात बसलेली गाय. अशा गोठ्यांत मी तोंडाला फडकं बांधून गेलो आहे. शेजारी वेशीपर्यंत दूध पोचवायला तयार असायचे, पण त्या घराच्या गोठ्यात शिरायला घाबरायचे. त्यांना दोष देता येत नाही.

म्हशींचं तर आणखी वेगळं. आपली मराठवाडी म्हैस असो की मुऱ्हा, ती माणूस ओळखते. जिच्या हाताची सवय, तिचाच हात लागतो. एका गावात धार काढणारी सून दवाखान्यात गेली. सासऱ्यानं बसून बघितलं, दिरानं बघितलं, म्हैस पान्हाच चोरायला लागली. सरकी ठेवली, रेडकू लावलं, काही उपयोग नाही. शेवटी सुनेचं रोजच्या वापरातलं लुगडं दिरानं अंगावर गुंडाळलं आणि बसला, तेव्हा कुठं चरवीत धार वाजली. बरेच जण मात्र अशा वेळी इंजेक्शनकडं वळले. पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिन टोचायची खोड आपल्याकडं होतीच, त्या महिन्यांत ती वाढली. पशुवैद्यकाच्या सांगण्याशिवाय ते टोचू नका, हे मी आजही हात जोडून सांगतो. सवय लागलेली म्हैस इंजेक्शनशिवाय पान्हा सोडत नाही.

घरातली धार काढणारी बाई हीच आपल्या दूधधंद्याची खरी यंत्रणा आहे. ती आजारी पडली तर काय, याची तरतूद कुठल्या डेअरीकडं, कुठल्या खात्याकडं होती? संकलन केंद्राच्या वहीवर नाव नवऱ्याचं, दुधाचा पगार त्याच्या खात्यावर. बाई गेली तेव्हा अनेक घरांतली जनावरं महिन्याभरात विकली गेली. आणि विकली तरी कुठं? हाळी-हंडरगुळीचा बाजार बंद, नेकनूरचा बंद, माळेगावची यात्रा भरली नाही. दारावर आलेला व्यापारी जो भाव म्हणेल तो.

तिसरी गोष्ट लम्पीची, म्हणजे गाईगुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या साथीची. त्या वेळची साथ ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यात आधी आढळली आणि बघता बघता आपल्याकडं आली. या वेळी साथ जनावरांची होती आणि माणूस मोकळा होता. पण गोठ्यात काय झालं ते बघा: पुन्हा बाजार बंद, पुन्हा वाहतूक बंद, पुन्हा दूध पडलं. अंगावर गाठी, पायाला सूज, ताप, आणि गाभण गाई गाभडल्या. देवणी आणि लालकंधारीसारखी आपली काटक जनावरंही सुटली नाहीत. माणसाला हा आजार गाईपासून होत नाही आणि दूध उकळून प्यायलं तर काही धोका नाही, हे आम्ही घसा कोरडा करून सांगत होतो. तरी अफवेपायी कितीतरी घरांचे रतीब तुटले. राज्यातल्या जवळपास १ कोटी ४० लाख गोवंशाला शेळ्यांच्या देवीची लस टोचायची मोहीम झाली, ती आमच्या खात्यानं आणि विद्यार्थ्यांनी खरोखर जीव तोडून केली. तुमच्या आधीच्या बॅचची मुलं त्यात होती, त्यांना विचारा. मेलेल्या दुभत्या गाईला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० अशी मदतही मिळाली. जी मेली नाही पण गाभडली, जिचं वेत गेलं, जी नंतर सहा महिने माजावर आली नाही, तिच्यासाठी रकाना नव्हता.

आता दराकडं या. २०२२ अखेर आणि २०२३ च्या सुरुवातीला गाईचं दूध पस्तीसच्या वर गेलं. तेव्हा टीव्हीवर चर्चा होती की दूध का कमी पडतंय. मला त्यात नवल वाटलं नाही. देशाचं एकूण दूध वर्षावर्षाला वाढतच होतं, २०१९-२० मध्ये २० कोटी टनांच्या आसपास होतं ते पुढच्या वर्षी २१ कोटींकडं गेलं, त्यामुळे वरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसत होतं. पण २०२० मध्ये ज्या गाई भरल्या नाहीत, ज्या कालवडी पेंड तुटल्यानं खुरटल्या आणि वर्षभर उशिरा माजावर आल्या, त्या दुधात यायच्या वेळी आल्या नाहीत. वर लम्पी. माझ्या मते त्या टंचाईचं एक मूळ २०२० च्या उन्हाळ्यातल्या तोडलेल्या पेंडीत होतं. दर चढला तेव्हा विकायला दूध कुणाकडं होतं? ज्याची तोट्यात पेंड चालू ठेवायची ऐपत होती त्याच्याकडं. गरिबाची गाय तेव्हाही भाकड होती किंवा विकलेली होती. २०२३ च्या दिवाळीच्या सुमाराला दर पुन्हा सत्तावीसच्या आत आला, आणि जानेवारी २०२४ पासून लिटरमागं पाच रुपये अनुदान द्यायची वेळ सरकारवर आली.

मग आपण काय करायचं? मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, करा, हे मी दहा वेळा सांगितलंय, अकराव्यांदा सांगतो. मक्याचा खड्डा किंवा पिशवी भरलेली असेल तर पेंड महागली तरी गाईचं पोट तुटत नाही. दूध कमी करायचंच असेल तर सगळ्या गाईंची पेंड सारखी तोडू नका. सात महिन्यांच्या वर गाभण असलेली गाय असेल तर तिला शास्त्रशुद्ध आटवा, ती तशीही दोन महिने आटवायचीच असते. नुकत्याच व्यायलेल्या गाईच्या पुढ्यातली पेंड मात्र शेवटपर्यंत हलवू नका. घरात धार काढणारे किमान दोन हात तयार ठेवा, आणि त्यातला एक हात पुरुषाचा असू द्या. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी वेळेवर टोचून घ्या. २०२० मध्ये फेऱ्या लांबल्या तसं पुन्हा होऊ देऊ नका.

खव्याच्या भट्ट्यांना शीतगृहाची जोड आणि उदगीरला वाळवणीची सोय, या दोन मागण्या तुम्ही गावागावांतून लावून धरल्या पाहिजेत. विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पातून गाई वाटणं चांगलंच आहे. पण गाय वाढवली आणि जास्तीचं दूध साठवायची सोय केली नाही, तर पुढच्या साथीत शिल्लक दूध आणखी मोठं असेल.

शेवटचं विद्यार्थ्यांसाठी. तुमच्या गावच्या बहुतेक गाई-म्हशींच्या कानात आज बारा आकडी बिल्ला आहे. भारत पशुधन या जनावरांच्या नोंदींच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत त्या आकड्यापुढं रेतनाची आणि व्याल्याची तारीख चढवता येते. गावात गेलात की त्या तारखा विचारा आणि चढवा. मालकिणीला विचारा, मालकाला बहुतेक वेळा आठवत नाहीत. या दोन तारखांमधून गाय किती दिवस रिकामी राहिली ते निघतं. साथीत कुठल्या तालुक्यात किती गाई किती दिवस रिकाम्या राहिल्या, हा आकडा हातात असेल तर वेत बुडाल्याची भरपाई मागता येते, आणि मदतीच्या अर्जात मेलेल्या जनावराच्या रकान्याखाली आणखी एक रकाना घालायला लावता येतो. तारीख चढवलेली नसेल तर तुमच्या गावच्या बाईचं नुकसान पुढच्या वेळीही कुणाला दिसणार नाही. हे काम या सुट्टीत सुरू करता येईल. ज्यांना करायचं आहे त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटा, कोणती गावं घ्यायची ते बसून ठरवू.